वर्गात ऑर्डर चोख, वेटरसमोर मात्र नुसतं ‘येस, येस’

तक्रार ठरलेली असते. रेस्टॉरंटचा धडा झाला, संवाद पाठ झाला, जोड्या लावून सराव झाला. ‘आयड लाइक अ कॉफी, प्लीज’ हे वाक्य झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक येतं. मग हाच विद्यार्थी कधीतरी इंग्रजीशिवाय चालणार नाही अशा ठिकाणी जेवायला जातो, वेटर तोंड उघडतो आणि याची दातखीळ बसते. परत आल्यावर म्हणतो, ‘मॅडम, ते काहीतरी वेगळंच विचारत होते.’ आपण तोच धडा पुन्हा घेतो, थोडा जोर लावून. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

विद्यार्थ्याच्या त्या वाक्यातच निदान आहे, पण आपण ते सबब समजून सोडून देतो. वेटर खरंच वेगळं विचारत असतो. धड्यातला ग्राहक बोलतो आणि वेटर लिहून घेतो. टेबलावर मात्र सगळी सूत्रं वेटरकडे असतात. कुठला प्रश्न, केव्हा, किती वेगाने, हे तो ठरवतो. ग्राहकाने आपण होऊन म्हणायची वाक्यं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, बाकी वेळ तो उत्तरंच देत असतो. बहुतेक वेळा बिघाड कानात असतो आणि आपण दुरुस्ती जिभेची करत बसतो.

आधी बिघाड कुठे आहे ते पाहा

धडा पुन्हा घेण्याआधी एक छोटी चाचणी घ्या. विद्यार्थ्याच्या हातात मेन्यू द्या आणि सांगा की बोलायचं नाही, फक्त बोट ठेवायचं. मग वेटरचं एक वाक्य तुमच्या नेहमीच्या वेगाने, एकदाच म्हणा: ‘कॅन आय गेट यू स्टार्टेड विथ सम ड्रिंक्स?’ बोट पेयांच्या यादीवर गेलं तर कान ठीक आहे. बोट मेन्यूभर फिरत राहिलं किंवा विद्यार्थी तुमच्या तोंडाकडे बघत बसला, तर संवाद कितीही घोटून घेतला तरी उपयोग नाही. बोट बरोबर जातं पण नंतर वाक्य जुळत नाही, तर अडचण बोलण्यात आहे. वाक्यही येतं पण ऐकणाऱ्याला ते उर्मट वाटतं, तर दुरुस्ती आणखी वेगळी. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांच्या वर्गात मला पहिलाच, म्हणजे कानाचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो.

कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये भाषेच्या पातळ्यांची जी चौकट प्रसिद्ध केली, तीत जेवण मागवता येणं हे ए-टू पातळीवर, म्हणजे खालून दुसऱ्या पायरीवर आहे. त्यामुळे हा धडा सोपा, हे आपण गृहीत धरतो. पण त्याच पातळीवरच्या ऐकण्याच्या वर्णनात एक अट आहे: समोरचा सावकाश आणि स्पष्ट बोलत असेल तर. गर्दीच्या वेळी पाच टेबलं सांभाळणाऱ्या वेटरला ही अट कोणी कळवलेली नसते.

वेटरचं बोलणं कानावर घालणं

विद्यार्थ्याकडे एक भांडवल आधीपासून असतं, ते वाया घालवू नका. संगणकशास्त्रज्ञ रॉजर शँक आणि मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅबेल्सन यांनी १९७७ मध्ये माणसाच्या डोक्यात रोजच्या प्रसंगांची एक ठरलेली पटकथा असते ही कल्पना मांडली. त्यासाठी त्यांनी सविस्तर उदाहरण घेतलं ते रेस्टॉरंटचंच: आत येणं, मागवणं, खाणं, बाहेर पडणं. ही पटकथा तुमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या डोक्यात आहे, फक्त मराठीत आहे. तेव्हा बसल्यावर कोण येतं, आधी काय विचारतं, यावर वेळ घालवायची गरज नाही. आता वेटर कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखायला लावा, प्रश्न अर्धा कळला तरी अंदाज बांधता येतो. ताट अर्धं संपलेलं असताना वेटर हसत येऊन काही पुटपुटला तर तो मेन्यूबद्दल विचारत नसणार, ‘हाउ इज एव्हरीथिंग?’ असंच काहीतरी विचारत असणार. त्याला ‘आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?’ हे उत्तर जातं तेव्हा वेटरच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते बघण्यासारखे असतात. इथे ‘इट्स ग्रेट, थँक्स’ एवढं पुरे.

मग उच्चाराकडे वळा. छापलेलं ‘वॉट कॅन आय गेट यू’ कानावर ‘वॉकनाय गेच्यू’ असं पडतं. ‘वुड यू लाइक’चं ‘वुजलाइक’ होतं, ‘डू यू वॉन्ट’चं ‘ज्वॉन्ट’. ‘एनिथिंग टु ड्रिंक’मधला ‘टु’ जवळजवळ गिळला जातो. आपण वर्गात शब्द सुटे करून, प्रत्येकावर सारखा भार देत बोलतो, आणि विद्यार्थी त्याच सुट्या शब्दांची वाट बघत राहतो.

यावर आपल्याकडे एक चांगलं साधन आहे, ते म्हणजे देवनागरी. वेटरचं वाक्य वेगात म्हणा आणि विद्यार्थ्यांना जे ऐकू आलं ते जसंच्या तसं मराठी अक्षरांत लिहायला सांगा. अर्थ कळला नाही तरी चालेल, स्पेलिंगची भीती नाही. वहीत ‘वुजलाइक सॉइस’, ‘वुड्या लायकाइस’ असं काहीही येईल. मग ते सगळं फळ्यावर घ्या आणि त्याखाली पूर्ण इंग्रजी वाक्य लिहा: वुड यू लाइक सम आइस. कुठला ‘ज’ कुठून आला, ‘सम’ कुठे दबला, हे त्यांचं त्यांनाच दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यापासून मुलं स्वतःच सांगायला लागतात की हा तोच ‘वुजलाइक’. उच्चाराच्या खुणा शिकवत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

त्याच वेळी हेही सांगा की सगळे शब्द पकडायची गरज नाही. ज्या शब्दांवर आवाज चढतो तेवढे धरा. ‘ड्रिंक’, ‘आइस’, ‘साइड’, ‘एल्स’. एक शब्द हाती लागला की टप्प्यावरून बाकीचं जुळतं. आणि नाही जुळलं तर धीर धरायला सांगा: ‘सूप ऑर सॅलड?’ हे ‘सुपर सॅलड’ असं ऐकू येण्यावरून इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही विनोद करतात.

‘येस’ हा सगळ्यात मोठा घात

विद्यार्थी गोंधळला की ‘येस’ म्हणतो. बोलणं पुढे सरकावं, वेटरला थांबावं लागू नये, आपलं अडाणीपण दिसू नये, अशी सगळी कारणं त्यामागे असतात. पण वेटरचे निम्मे प्रश्न ‘हे की ते’ अशा घडणीचे असतात. ‘स्टिल ऑर स्पार्कलिंग?’ साधं पाणी की बुडबुड्यांचं. ‘येस.’ वेटर पुन्हा विचारतो, आता जरा मोठ्याने. पुन्हा ‘येस’. तिसऱ्यांदा तो स्वतःच्या मनाने काहीतरी आणून ठेवतो.

दुसरी गल्लत खास आपली आहे. मराठीत ‘बर्फ नको ना?’ असं विचारलं तर आपण ‘हो, नको’ म्हणतो, म्हणजे समोरच्याच्या म्हणण्याला मान देतो. इंग्रजीत ‘यू डोन्ट वॉन्ट आइस?’ला ‘येस’ म्हटलं की वेटर घोटाळ्यात पडतो, आणि बरेचदा पेला बर्फाने भरून येतो. ‘डू यू माइंड सिटिंग आउटसाइड?’ याला दिलेलं आनंदी ‘येस’ म्हणजे तर चक्क हरकत.

व्याकरणाचा नियम समजावून हे सुटत नाही, कारण घाईत नियम आठवत नाही. मी वर्गात एक बंदी घालते: या धड्यात ‘येस’ आणि ‘नो’ एकटे वापरायचे नाहीत, वस्तूचं नाव घेऊनच उत्तर द्यायचं. ‘स्टिल, प्लीज.’ ‘नो आइस, प्लीज.’ ‘आउटसाइड इज फाइन.’ प्रश्न होकारी होता की नकारी, याचा विचारच करावा लागत नाही. आणि प्रश्न चुकीचा ऐकला असेल तर तेही लगेच उघडं पडतं. वेटरने सॉसबद्दल विचारलं आणि हा ‘नो आइस’ म्हणाला, तर वेटर तिथेच सावरून घेतो. नुसत्या ‘येस’मध्ये चूक झाकली जाते आणि ताट समोर आल्यावर कळते.

उलट बाजूची एक अडचण: वेटर ‘मोअर कॉफी?’ विचारतो, शेजारचा माणूस ‘आयम गुड’ म्हणतो आणि त्याला कॉफी मिळत नाही. विद्यार्थ्याला वाटतं, गुड म्हणजे हवी असणार. इथे ‘आयम गुड’ म्हणजे नको, पुरे. अमेरिकेत ‘ऑल सेट?’ हेही असंच फिरतं. मेन्यू हातात असताना त्याचा अर्थ ठरलं का, ताटं रिकामी असताना झालं का.

नाही कळलं तर काय म्हणायचं

‘सॉरी?’ किंवा ‘रिपीट, प्लीज’ शिकवून आपण सुटका मानतो. त्याने होतं एवढंच की वेटर तेच वाक्य त्याच वेगाने पुन्हा म्हणतो. मदत नेमकी मागायला शिकवा. यादीतला एकच शब्द निसटला तर ‘सॉरी, वॉट वॉज द लास्ट वन?’ काय काय मिळतं तेच कळलं नाही तर ‘वॉट आर माय ऑप्शन्स?’ शब्द कळला पण वस्तू माहीत नाही तर ‘वॉट्स दॅट?’ आणि काहीच हाती लागलं नाही तर मेन्यू पुढे सरकवून ‘कॅन यू शो मी?’ हे शेवटचं वाक्य सगळ्यांत कमी शिकवलं जातं आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं, कारण वेटरचं बोट शब्दावर आलं की ऐकण्याचं काम वाचण्याचं होतं.

जेवढं ऐकू आलं तेवढं प्रश्नाच्या सुरात परत म्हणणं हाही चांगला उपाय. ‘सॉस ऑन द...?’ इतकं म्हणून थांबलं की समोरचा उरलेला शब्द आपोआप सुटा करून सांगतो: ‘ऑन द साइड.’ सॉस पदार्थावर न ओतता वेगळा द्यायचा. याचा सराव जोड्यांमध्ये भरपूर घ्या. सुरुवातीला मुलं लाजतात, अर्धं वाक्य बोलणं म्हणजे चूक असं त्यांच्या मनावर इतकी वर्षं बिंबलेलं असतं.

बोलण्यातल्या किरकोळ दुरुस्त्या

‘मला अमुक हवंय’ हे मराठीत सरळ, सभ्य वाक्य आहे. त्याचं ‘आय वॉन्ट’ झालं की कानाला टोचतं, ‘गिव्ह मी’ झालं तर जास्तच, आणि मागे ‘प्लीज’ चिकटवूनही पूर्ण निवळत नाही. तीन सुरुवाती पुरतात: ‘कॅन आय हॅव’, ‘आयड लाइक’ आणि ‘आयल हॅव’. यातली ‘आयल हॅव’ सगळ्यांत सोपी आहे आणि कुठेही चालते, तरी पुस्तकं ‘आयड लाइक’वरच अडून का बसतात हे एक कोडं आहे.

पाणी आणि कॉफी मोजता येत नाहीत, हा व्याकरणाचा नियम रेस्टॉरंटमध्ये बाजूला ठेवा. ‘टू कॉफीज अँड अ वॉटर’ बरोबर आहे. हे आधी सांगितलं नाही तर हुशार विद्यार्थी ‘टू कप्स ऑफ’, ‘अ बॉटल ऑफ’ जुळवण्यात अडकतात. ‘पार्सल’ हा शब्दही सोडायला लावा. बाहेर त्याचा अर्थ टपालाचं पुडकं. ब्रिटनमध्ये ‘टेकअवे’, अमेरिकेत ‘टु गो’.

त्याच ओघात: ‘चिप्स’ मागितल्यावर ब्रिटनमध्ये गरम तळलेले बटाट्याचे तुकडे येतात, अमेरिकेत पाकिटातले कुरकुरीत काप. ‘आंत्रे’ अमेरिकेत मुख्य पदार्थ, ऑस्ट्रेलियात सुरुवातीचा. शेवटी मागायचं ते अमेरिकेत ‘चेक’, ब्रिटनमध्ये ‘बिल’. विद्यार्थी कुठे जाणार आहे ते विचारून तेवढंच शिकवा, दोन्ही एकदम शिकवले की ऐनवेळी दोन्ही विसरतात.

मेन्यू वाचण्याबद्दल इतकंच सांगेन की शब्दांची लांबलचक यादी देऊ नका. मेन्यूतल्या एका ओळीची घडण ठरलेली असते: आधी शिजवण्याची रीत, मग मुख्य वस्तू, मग ‘विथ’ आणि सोबतचं. ग्रिल्ड, रोस्टेड, स्टीम्ड, बेक्ड, फ्राइड एवढ्या रीती आल्या आणि ‘विथ’च्या अलीकडे-पलीकडे बघायची सवय लागली की बाकीचं ‘वॉट्स इन इट?’ विचारून निभावतं.

ॲलर्जीच्या प्रश्नावर मात्र घाई करू नका. ‘एनी ॲलर्जीज?’ हा प्रश्न आता अनेक ठिकाणी सुरुवातीलाच येतो, आणि तिथे सवयीने गेलेलं ‘येस’ किंवा ‘नो’ महागात पडू शकतं. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून रेस्टॉरंटमध्ये वाढलेल्या अन्नाबाबतही १४ ठरावीक घटकांची माहिती ग्राहकाला मिळालीच पाहिजे असा नियम आहे. अमेरिकेत पॅकबंद अन्नाच्या लेबलसाठी अशा ९ मुख्य घटकांची यादी आहे. त्यात तीळ १ जानेवारी २०२३ पासून आला. या याद्या म्हणजे आयता शब्दसंग्रह आहे: मिल्क, एग, फिश, पीनट्स, नट्स, व्हीट, सोय, सेसमी. पीनट्स आणि नट्स दोन्हीकडे वेगवेगळे मोजतात, तेव्हा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याने ‘नट्स’ म्हणून भागत नाही. आणि ‘आय डोन्ट ईट एग्ज’ व ‘आयम ॲलर्जिक टु एग्ज’ यांत स्वयंपाकघराच्या दृष्टीने फार फरक आहे. पहिल्यात अंडं वगळतात, दुसऱ्यात भांडी आणि पृष्ठभागही बदलायला हवेत. नुसती नावड असताना ‘ॲलर्जिक’ म्हणायचं नाही, हेही तेव्हाच सांगून टाका.

नाटक बसवण्याची पद्धत बदला

नेहमीच्या नाट्यसरावात खोट अशी असते की दोघांच्याही हातात तोच कागद असतो. ग्राहकाला वेटरचं पुढचं वाक्य आधीच दिसतं, मग ऐकायचं कशाला? शिवाय वेटर झालेला मित्रही शिकाऊच, त्यामुळे तो सावकाश, सुटं आणि ओळखीचं बोलतो.

म्हणून पहिले काही दिवस वेटर तुम्हीच व्हा. उभ्या राहा, विद्यार्थी बसलेला असू दे, मागे गर्दीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावा. नंतर मुलांना वेटर करा, पण प्रत्येक वेटरला ग्राहकाला न दिसणारी चिठ्ठी द्या. एका चिठ्ठीवर: ग्राहक पहिल्यांदा जे मागेल ते संपलंय. दुसरीवर: दोन प्रश्न एका दमात विचार. तिसरीवर: चुकीचा पदार्थ आणून ठेव. माझी आवडती चिठ्ठी अशी: ऑर्डर परत वाचून दाखव आणि त्यात एक गोष्ट मुद्दाम बदल. ‘सो दॅट्स वन टोमॅटो सूप, वन ग्रीन सॅलड अँड टू टीज?’ ग्राहकाने मागितल्या होत्या दोन कॉफी. पहिल्या फेरीत वर्गातला जवळजवळ प्रत्येक जण मान डोलावतो. चिठ्ठी उघड केली की हशा पिकतो आणि पुढच्या फेरीपासून सगळे कान टवकारून बसतात. इथेच ‘ॲक्च्युअली, टू कॉफीज’ हे छोटं वाक्य द्या. वेटरने चुकीचं ताट आणलं तर ‘सॉरी, आय डोन्ट थिंक आय ऑर्डर्ड धिस’. हे वाक्य तोंडात नसल्यामुळे लोक मुकाट्याने दुसऱ्याचं जेवण जेवून येतात.

ग्राहक तोच ठेवून वेटर तीनदा बदला. संवाद घोटलेला असेल तर दुसऱ्याच वेटरपाशी फसतो, कान तयार झाला असेल तर तिसऱ्या फेरीत उत्तर पटकन येतं. धडा संपला की नाही हे ठरवायला मी हीच कसोटी लावते.

एक तक्रार एवढं सगळं करूनही उरते. चार जण एकत्र जातात, त्यातला जो बरं बोलतो तो सगळ्यांची ऑर्डर देऊन मोकळा होतो, आणि बाकीचे तिघे जिथे होते तिथेच राहतात. म्हणून गटाने सराव घेताना वेटरच्या चिठ्ठीवर आणखी एक सूचना लिहून ठेवा: एकाने सगळ्यांचं सांगायला सुरुवात केली की त्याला अडव, पुढच्याकडे वळून ‘अँड फॉर यू?’ विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नकोस.